कमी दाबाने

'शहराच्या काही भागांत उद्या कमी दाबाने पाणीपुरवठा होईल.' पेपरच्या आतल्या पानावर ही ओळ दिसली की आई पदर खोचून पिंपं भरायला लागायची. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. सोसायटीची टाकी लहान आणि पंप सदा रुसलेला. तळमजल्यावरच्यांच्या नळाला करंगळीएवढी धार असायची, ते खालून ओरडून सांगायचे, 'पाणी आहे की!' पाणी बंद आहे असं कुणी जाहीर केलेलंच नसायचं, मग तक्रार तरी कशाची नोंदवणार? त्या एका ओळीची हुशारी मला फार उशिरा कळली. त्यात कुणाचं पाणी तोडल्याची कबुली नसते, आणि वरच्या मजल्याला मात्र कोरडं राहावं लागतं.

ही हुशारी फक्त आपल्याकडची नाही. ब्राझीलच्या साओ पावलो राज्याची पाणी कंपनी, साबेस्प, हिने २०१४ साली हेच केलं. आदल्या पावसाळ्याने दगा दिला होता. कांतारेरा नावाची धरणांची साखळी तेव्हा महानगरातल्या जवळजवळ ९० लाख माणसांची तहान भागवत होती आणि ती झपाट्याने रिकामी होत होती. फेब्रुवारीत कंपनीने पाणी वाचवणाऱ्यांना बिलात ३० टक्के सूट जाहीर केली. मे महिन्यात मृतसाठ्याला हात घातला. मृतसाठा म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. धरणाच्या दरवाजाखालचं ते पाणी तरंगते पंप लावून उपसायला सुरुवात झाली.

ऑक्टोबरात गव्हर्नरपदाची निवडणूक होती. सत्तेवरचे गव्हर्नर जेराल्दो आल्कमिन पुन्हा उभे होते आणि पाणीकपात हा शब्द सरकारला उच्चारायचा नव्हता. म्हणून रात्री दाब कमी करण्यात आला. जमिनीखालच्या मुख्य वाहिन्यांवर दाब उतरवणारे व्हॉल्व्ह असतात, ते आवळले की गळती कमी होते आणि वापरही कमी होतो. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हा उपाय चुकीचा नाही, जगभर वापरतात. पण दाब सगळीकडे सारखा उतरत नाही. जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला, टेकडीवर चढत गेलेल्या वस्तीत तो आधी शून्याला टेकतो. ब्राझीलच्या मानकाप्रमाणे जाळ्यात १० मीटर उंचीचा दाब हवा, म्हणजे पाणी दुमजली घराच्या गच्चीवरच्या टाकीत आपलं आपण चढतं. ज्याच्या घरावर हजार लिटरची टाकी, त्याला रात्री दाब गेल्याचा पत्ताही लागला नाही. शहराच्या कडेला स्वतः विटा रचून बांधलेली घरं होती. तिथल्या कित्येक घरांवर टाकीच नव्हती, किंवा असलेली टाकी सबंध रात्र पुरणारी नव्हती. तिथे संध्याकाळनंतर नळ नुसता फुसफुसायचा. आल्कमिन पहिल्याच फेरीत निवडून आले.

ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगितली. साबेस्प जुलै २०२४ मध्ये खाजगी झाली, आणि तेव्हापासून तिच्याबद्दलचं प्रत्येक बोलणं 'सरकारी चांगलं की खाजगी' या आखाड्यात उतरतं. २०१४ साली कंपनीत राज्य सरकारचा वाटा ५०.३ टक्के होता. व्हॉल्व्ह आवळणारा हात सरकारीच होता.

विक्रीच्या विरोधात मीही आहे. पण माझी तक्रार वेगळी आहे. साओ पावलो शहराच्या पाण्याचा धनी दीडशे वर्षांत अनेकदा बदलला, आणि दर बदलाबरोबर जाब विचारायची जागा नळापासून आणखी लांब गेली.

सुरुवात खाजगीच होती. १८७७ मध्ये कांतारेरा कंपनी निघाली, डोंगरातून पाणी आणून घरोघर विकायला. घरची जोडणी खपायची तर चौकातलं फुकटचं पाणी बंद व्हायला हवं. कंपनीने सार्वजनिक नळकोंडाळी हटवायला घेतली तेव्हा लोक भडकले. कॉफीच्या पैशाने फुगत चाललेल्या शहराला कंपनी पुरी पडेना, तेव्हा १८९३ च्या सुमारास सरकारने ती ताब्यात घेतली. ताबा नगरपालिकेकडे गेला नाही, राज्याकडे गेला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुढे विसाव्या शतकात नद्यांचं काय करायचं हे 'लाइट' या विदेशी भांडवलाच्या वीज-ट्राम कंपनीने ठरवलं. ग्वारापिरांगाचं धरण तिने १९०६ ते १९०८ मध्ये विजेसाठी बांधलं, पिण्याचं पाणी त्यातून नंतर घेऊ लागले. पिन्हेरोस नदीचा तर प्रवाहच पंपांनी उलटा फिरवून बिलिंग्जच्या जलाशयात चढवला, आणि तिथून डोंगराखालच्या कुबातावच्या वीजघरावर सोडला. शहराचं मैलापाणी वाहून न्यायची जी नदी, तीच उलटी वाहून पाणीसाठ्यात येत होती. १९९२ मध्ये या उपशाला मोठा आळा बसला, तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

साबेस्पचा जन्म १९७३ चा, लष्करी राजवटीतला. त्या आधीची दोन-तीन वर्षं देशभर एक पाणी योजना राबवायला सुरुवात झाली होती. पैसा राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा, आणि बँकेकडे तो यायचा कामगारांच्या निधीतून. आपल्या भविष्य निर्वाह निधीसारखाच तो निधी, मालकाने पगाराच्या ८ टक्के भरायचे. कर्ज मात्र राज्य कंपनीलाच मिळणार. नगरपालिकेला पैसा हवा असेल तर तिने पाण्याचा हक्क राज्याच्या कंपनीला दीर्घ कराराने लिहून द्यायचा. नाही दिला तर आपलं आपण बघावं. बंदूक दाखवावी लागली नाही, तिजोरीची किल्ली दाखवली तेवढं पुरलं. राज्यातल्या ६४५ पैकी ३७५ नगरपालिका शेवटी साबेस्पच्या छत्राखाली आल्या.

या पद्धतीला नावं ठेवणं सोपं आहे. पण तिने जे केलं ते नाकारणं अप्रामाणिकपणा होईल. साओ पावलो हे ब्राझीलच्या आर्थिक चमत्काराचं शहर. कारखाने, गगनचुंबी इमारती, आणि त्याच वेळी बालमृत्यू वाढताहेत अशी तिथली स्थिती होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मणाऱ्या हजार मुलांमागे ९० च्या आसपास मुलं वर्षाच्या आत दगावत होती. पाण्याचं जाळं कडेच्या वस्त्यांपर्यंत पोचलं तसा तो आकडा उतरत गेला. देशपातळीवर १९७० साली शहरांतल्या सुमारे ६० टक्के घरांत नळ होता, वीस वर्षांत तो आकडा ९० च्या घरात गेला. श्रीमंत शहरांच्या पाणीपट्टीतून गरीब गावांचा खर्च भागवायचा, ही या योजनेची मुख्य कल्पना होती. लहान गाव स्वतःच्या जोरावर कधीच जलशुद्धीकरण केंद्र उभं करू शकलं नसतं.

कांतारेरा हे त्या काळातलं सगळ्यात थोरलं काम. शेजारच्या पिरासिकाबा खोऱ्यातलं पाणी बोगद्यांनी वळवायचं, मग सांता इनेसच्या उपसा केंद्राने १२० मीटर वर चढवायचं आणि ग्वाराऊच्या केंद्रात शुद्ध करायचं, सेकंदाला ३३ हजार लिटर. कौतुक करावं असंच काम आहे. फक्त खालच्या अंगाला असलेल्या कांपिनास आणि पिरासिकाबाच्या लोकांना, तुमच्या नदीचं पाणी नेऊ का, असं लष्करी राजवटीत कोण विचारणार होतं? हा सवाल त्यांनी पुढे अनेकदा केला. २०१४ च्या टंचाईत तर फारच कडवटपणे केला.

मैलापाण्याचं मात्र सगळं मागेच राहिलं. यात मला कुणाचा कट दिसत नाही, हिशोब दिसतो. नळाचं उद्घाटन करता येतं. मलवाहिनी जमिनीखाली जाते आणि तिचं तोंड नदीत कुठेतरी उघडतं, तिथे फीत कापायला कोण जाणार? शिवाय साओ पावलोत मलनिस्सारणाचा आकार पाण्याच्या बिलाइतकाच असतो, आणि तो घराची जोडणी झाली की सुरू होतो. घरातून उचललेला मैला शुद्धीकरण केंद्रात गेला की तसाच नदीत, याने बिल बदलत नाही. कंपनीच्याच आकड्यांनुसार १९९२ मध्ये महानगरातलं ७० टक्के मैलापाणी गोळा होत होतं आणि गोळा झालेल्यापैकी जेमतेम २४ टक्क्यांवर प्रक्रिया होत होती. उरलेलं तिएते नदीत.

तिएते ही मोठी विलक्षण नदी आहे. अटलांटिकपासून वीस-बावीस किलोमीटरवर सालेसोपोलिसला उगम पावते आणि समुद्राकडे पाठ फिरवून हजाराहून अधिक किलोमीटर आत वाहत जाते. शहराची घाण समुद्राच्या पोटात घालण्याची सोय तिने ठेवलेली नाही. १९२४ पासून या नदीत पोहण्याची शर्यत भरायची आणि हजारो लोक काठावर उभे राहून बघायचे, ती दोन दशकांतच बंद पडली. आज शहराच्या खालच्या अंगाला पिरापोरा दो बोन जेझुस नावाचं तीर्थक्षेत्र आहे. कोरड्या दिवसांत तिथे धबधब्यापाशी साबणाचा फेस उसळतो आणि पुलापर्यंत येतो. लांबून बर्फ पडल्यासारखं दिसतं, वास आला की कळतं. हा फेस साओ पावलोच्या लाखो मोऱ्यांतल्या डिटर्जंटचा आहे.

१९९२ मध्ये एका रेडिओ केंद्राच्या पुढाकाराने १२ लाख सह्या गोळा झाल्या, तेव्हा नदी सुधारायचा प्रकल्प सुरू झाला. तत्कालीन गव्हर्नरने तिएतेचं पाणी पिऊन दाखवीन असं वचन दिलं होतं. ते अजून कुणी पाळलेलं नाही. काम झालं नाही असं नव्हे. नदीचा मृत पट्टा १९९० च्या दशकात ५०० किलोमीटरच्या वर होता, तो २०१४ मध्ये ७१ किलोमीटरवर आला. मग पुन्हा वाढत २०२४ मध्ये २०७ किलोमीटरवर गेला. मोजणी करणारी संस्था सरकारीही नाही आणि कंपनीचीही नाही, म्हणून मला हे आकडे जाहिरातीतल्या टक्केवारीपेक्षा बोलके वाटतात.

पण सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट ग्वारापिरांगाच्या काठावर घडली. ग्वारापिरांगासारखे जलाशय वाचावेत म्हणून १९७५ आणि १९७६ मध्ये राज्याने पाणलोट संरक्षणाचे कडक कायदे केले. जलाशयाभोवती दाट वस्ती नको, म्हणून तिथे रीतसर प्लॉट पाडता येणार नाहीत. हेतू निर्मळ होता. परिणाम असा, की त्या जमिनीची कायदेशीर किंमत पडली, आणि ज्यांना शहरात दुसरीकडे कुठेच जागा परवडत नव्हती ते नेमके तिथेच गेले. ईशान्य ब्राझीलमधून पोट भरायला आलेले, कारखान्यांत आणि लोकांच्या घरी कामाला जाणारे लोक. वस्ती बेकायदा, म्हणून तिथे मलवाहिनी टाकणंही बेकायदा. हजारो घरांची मोरी सरळ ओढ्यात, ओढा जलाशयात, जलाशयातून कंपनीचा उपसा, आणि शेवाळ मारायला ढीगभर रसायनं घालून तेच पाणी पुन्हा शहराच्या नळाला. पाणी वाचवणाऱ्या कायद्याने पाणी नासवलं. १९९७ च्या नव्या कायद्याने तिथे तातडीची कामं करायला वाट मोकळी झाली. वीस वर्षं गेली ती गेलीच.

या वस्त्यांतल्या चोरट्या जोडणीला ब्राझीलमध्ये 'गातो' म्हणतात, म्हणजे मांजर. आपण विजेच्या तारेवर आकडा टाकतो, ते मांजर सोडतात. कंपनीच्या वहीत हे पाणी 'तोटा' म्हणून नोंदलं जातं. तोटा म्हणजे तिथे राहणारी माणसं, हे मात्र वहीत कुठेच दिसत नाही. वहीतून बाहेर असलेल्याला तक्रार क्रमांक नसतो, बिल नसतं, आणि बिल नसलेल्या माणसाला जाब विचारायला कुठली खिडकीही नसते.

२००२ मध्ये साबेस्पचा शेअर न्यू यॉर्कच्या बाजारात गेला. आता कंपनीला दर तिमाहीला कुणासमोर तरी उभं राहावं लागू लागलं, पण ते ग्वारापिरांगाकाठचे नव्हते. मोठ्या ग्राहकांशी तिचे खास करार होते. ठरलेला जास्त वापर करायचा, दर कमी पडेल. मॉल, हॉटेलं, कारखाने हे त्याचे धनी. टंचाईत धरणाचा तळ दिसायला लागल्यावर या करारांची यादी वर्तमानपत्रांनी चव्हाट्यावर आणली. घरच्या गिऱ्हाइकाला कमी वापराबद्दल सूट आणि बड्याला जास्त वापराबद्दल सूट, असं एकाच कंपनीत चाललं होतं. ती कंपनी सरकारी होती, हे पुन्हा सांगायला हवं.

मग नगरपालिकांनी पाणी स्वतःच्या हातात ठेवलं असतं तर? ठेवलं होतं काहींनी. कांपिनासने ठेवलं आणि निभावलं. राजधानीला खेटून असलेल्या ग्वारुल्योसनेही ठेवलं. देशातला सगळ्यात गजबजलेला विमानतळ याच शहरात आहे. त्याची स्वतःची पाणीसंस्था घाऊक पाणी साबेस्पकडून घ्यायची, पैसे थकवायची, नळाला एक दिवसाआड पाणी सोडायची, आणि २०१० पर्यंत मैलापाण्यावर जवळजवळ काहीच प्रक्रिया करत नव्हती. अखेर कर्जाखाली दबून २०१८ मध्ये तिने कारभार साबेस्पला दिला. जवळची सत्ता आपोआप चांगली असते, हा भोळा समज ग्वारुल्योस पुरा मोडतो. तरी एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. तिथल्या महापौराला लोक रस्त्यात गाठून शिव्या देऊ शकत होते.

आता २०२४. २०२० च्या राष्ट्रीय कायद्याने २०३३ पर्यंत ९९ टक्के लोकांना पाणी आणि ९० टक्क्यांना मलनिस्सारण हे लक्ष्य घातलं आणि खाजगी भांडवलाला दार सताड उघडलं. गव्हर्नर तार्सिसियो दे फ्रेतास यांनी म्हटलं, साबेस्पला हे २०२९ पर्यंतच करायला लावू, पण त्यासाठी ती विकली पाहिजे. ६ डिसेंबर २०२३ ला विधानसभेत ६२ विरुद्ध १ मतांनी प्रस्ताव मंजूर झाला. विरोधी आमदार मतदानाला थांबले नाहीत, कारण प्रेक्षक सज्जात आंदोलकांशी पोलिसांची झटापट होऊन सभागृहात डोळ्यांची आग करणारा धूर पसरला होता. इक्वातोरियाल या मुख्यतः वीज वाटणाऱ्या कंपनीने १५ टक्के वाटा घेतला, शेअरमागे ६७ रेआल या दराने. बाजारात तेव्हा शेअर बऱ्याच चढ्या भावाने चालला होता. मोक्याच्या वाट्यासाठी शेवटी दुसरा बोलीदारच उरला नव्हता. सरकारकडे १८ टक्के राहिले.

विकणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. सरकारी कंपनीला निविदा, भरती, राजकीय नेमणुका या सगळ्या बेड्या असतात. आलेल्या पैशातला ३० टक्के भाग पाणीपट्टी आटोक्यात ठेवायला बाजूला काढला, गरीब ग्राहकांना सुरुवातीला १० टक्के सूट दिली. पण 'पैसा नाही' हे कारण या कंपनीला लागू नव्हतं. ती नफ्यात होती, बाजारात पत होती, कर्ज मिळत होतं. बुडती कंपनी विकणं मी समजू शकतो. दुभती म्हैस विकून तिला चारा परवडत नव्हता म्हणणं पटत नाही. आणि खाजगी हाताने मलवाहिन्या आपोआप पसरतात असं म्हणणाऱ्याने अॅमेझॉन खोऱ्यातल्या मानाउसकडे बघावं. तिथे २००० सालीच खाजगीकरण झालं, आणि वीस वर्षांनंतरही बहुसंख्य घरं मलवाहिनीला जोडलेली नव्हती.

माझा खरा आक्षेप करारावर आहे. पूर्वी कागदोपत्री तरी प्रत्येक नगरपालिकेचा कंपनीशी स्वतंत्र करार होता. विक्रीसाठी ३७१ नगरपालिका एका प्रादेशिक गटात बांधून एकच करार केला, २०६० पर्यंतचा. त्या गटात मताचं वजन लोकसंख्येप्रमाणे, आणि राज्याचा स्वतःचा वाटा सगळ्यात भारी. एखाद्या लहान गावाने उद्या म्हटलं की आमच्याकडे काम नीट होत नाही, तर त्याला बोलायला खोली आहे, पण त्या खोलीत त्याच्या आवाजाला वजन नाही. नियामक संस्था राज्याची. विकणारा राज्य, भागीदार राज्य, पंचही राज्याने नेमलेला. १९७३ मध्ये लष्कराच्या काळात नगरपालिकांचा हक्क पैशाच्या बदल्यात गेला होता. २०२४ मध्ये तो लोकशाहीत बहुमताने गेला. नागपूरने २०१२ मध्ये २५ वर्षांसाठी पाणीवाटप खाजगी चालकाकडे दिलं तेव्हा निदान करार करणारी महापालिका त्याच शहराची होती. तो प्रयोग आवडो न आवडो, मोर्चा कुठे न्यायचा हे लोकांना माहीत होतं.

करार माझ्या हातात असता तर त्यात एक कलम आधी घातलं असतं. प्रत्येक वस्तीच्या शेवटच्या नळावरचा दाब रोज मोजायचा आणि तो वस्तीच्या नावानिशी जाहीर करायचा. सरासरी चालणार नाही. सरासरीत तळमजला तिसऱ्या मजल्याला गिळून टाकतो. दाब मोजणारी यंत्रं महाग नाहीत, साबेस्पच्या जाळ्यावर ती जागोजाग बसलेली आहेत, आकडे कंपनीच्या नियंत्रण कक्षात येतात. ते फक्त बाहेर येत नाहीत.

ऑगस्ट २०२५ मध्ये पाऊस पुन्हा कमी पडला आणि साओ पावलो महानगरात रात्री दाब उतरवायचा आदेश निघाला. आधी रात्री ९ ते पहाटे ५, मग सप्टेंबरात वेळ वाढवून संध्याकाळी ७ ते पहाटे ५. या वेळी व्हॉल्व्ह खाजगी कंपनीचे होते आणि आदेश राज्याच्या नियामकाचा. कपात हा शब्द पुन्हा टाळला गेला, 'मागणीचं व्यवस्थापन' म्हटलं गेलं. शहराच्या दक्षिण टोकाच्या वस्त्यांतून मध्यवर्ती भागात कामाला जाणारी माणसं दोन बस आणि एक मेट्रो बदलून घरी पोचतात ती सातनंतर, आणि पहाटे पाचच्या आत पुन्हा बाहेर पडलेली असतात. ज्यांच्या घरावर टाकी नाही, त्यांच्या घरात जाग असते ते सगळे तास नळ कोरडा असतो. पिंपं भरून ठेवायची तर दुपारी कुणीतरी घरी असायला हवं.